हिरव्या गाडीच्या दरवाजावरची रेघ

आबा, हिरवी परत आली! तुमची हिरवी, दुसरी कुठली असणार. आणि एकटी नाही, तांबडीला सोबत घेऊन आली. काल रविवारी सकाळी मी दहिवलीच्या घरासमोर तांदूळ पाखडत बसले होते, तेवढ्यात पुलाकडून तो आवाज आला. मी सूप खाली ठेवलं. म्हटलं, छे, शक्य नाही, शाळेची हेडबाई झाले तसं माझं वयही झालं, नको ते ऐकू यायला लागलं. तर वळणावरून आधी तिचं ते लांब नाक आलं, मग बाहेर काढून बसवलेले दोन गोल दिवे, मग पुढच्या चाकांवरून पायरीपर्यंत घसरत येणारे मडगार्ड. बावीस वर्षांनी, आबा! मी धावत फाटकापाशी गेले. सूप कलंडलं, चिमण्यांची चंगळ झाली, आणि शेजारच्या काकू विचारत राहिल्या की कोण पाहुणे आलेत. काय सांगणार त्यांना?

हिरवी चालवणारा पुण्याचा एक चाळिशीचा गृहस्थ, आणि मागून तांबडी चालवत त्याची बायको. जुन्या गाड्या जमवण्याचा नाद आहे त्याला. खालापूरचे आपले डॉक्टर गेल्यावर त्यांच्या मुलाला हिरवी विकायची आहे, आणि तांबडी याला मुंबईच्या एका गॅरेजात ताडपत्रीखाली सापडली. दोन्ही आठवडाभर चालवून बघायला आणल्यात. ठेवणार एकच, कारण म्हणाला, बंगल्यात जागा एकाच गाडीची आहे. हे ऐकून मला असं हसू फुटलं की नवराबायको एकमेकांकडे बघायला लागले. डॉक्टर तरी दुसरं काय म्हणाले होते? माणूस बदलला, जागा मात्र पुन्हा एकाच गाडीची.

चहा होईस्तोवर त्यानं इंग्रजी मासिकाची कात्रणं काढली. त्यात कोष्टक होतं, डावीकडे हिरवीची जात, उजवीकडे तांबडीची. कुणाचा वेग जास्त, कुणाची किंमत वाढती, कुणाचे सुटे भाग मिळतात. सगळं वाचून झाल्यावर म्हणाला, "हिरवी दिसायला देखणी आहे, पण तिच्यात एक मोठी खोट आहे. अंगातलं लाकूड मूळचं नाही. कुणीतरी गावठी लाकूड घालून ठेवलंय. डॉक्टरांचा मुलगा म्हणाला, ते काम केलेल्या मिस्त्रींची मुलगी दहिवलीला असते, म्हणून विचारायला आलो." कुणीतरी! गावठी! आबा, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या ओट्यावर बसून, माझा चहा पिऊन, हा माणूस तुमच्या कामाला खोट म्हणतो. मी त्याला काय उत्तर दिलं ते सांगते, पण आधी मागचं सांगू द्या. तुम्हाला ते माहीत आहे, पण तुमच्या बाजूनं. माझी बाजू तुम्ही कधी विचारली नाहीत आणि मीही कधी बोलले नाही.

शिळफाट्याचा तो ट्रक बांधायचा अड्डा माझ्या डोळ्यांसमोर आहे. मुंबईहून ट्रकचा नुसता सांगाडा यायचा, इंजिन, चाकं आणि उघड्यावर खोक्यावर बसलेला ड्रायव्हर. काही दिवसांनी तोच ट्रक तुमच्या हातून लाकडी अंग लेवून माल भरून घाट चढायचा. आपण धम्म घेतला त्या वर्षी तुम्ही गावकीची कामं टाकून तिथे आलात आणि एका सरदारजी मिस्त्रीच्या हाताखाली करवत धरलीत. अड्डा शेठचा, पाटी शेठची. रंग देणारा पेंटरसुद्धा मागच्या फाळक्याच्या कोपऱ्यात आपलं नाव घालायचा. तुमचं कुठेच नाही. तुम्ही म्हणायचात, "दगड-रेती वाहायला नाव कशाला पायजे?" पण मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही मला खडू ठेवायची एक सागवानी पेटी करून दिलीत. तिचे कोपरे एकमेकांत असे बसवलेत की आजही त्यात कागद शिरत नाही. ती करताना तुमचा चेहरा निराळा होता. जीभ दातांत धरून, श्वास रोखून, आईच्या हाकेला ओ न देता तुम्ही बसला होता. तेव्हाच मला वाटलं होतं की या माणसाला जन्मात एकदा तरी बारीक काम मिळालं पाहिजे.

आणि तुमचा तो रेघेचा नियम. फळीवर सूत मारताना, म्हणजे रंगात भिजवलेला दोरा ताणून सोडताना, रेघ चुकली तर तुम्ही ती पुसत नसा. बाजूला पेन्सिलीनं फुली मारायची आणि शेजारी बरोबर रेघ मारायची. "पुसायची नाय, बाय. पुसली का कुठं चुकलो त्ये इसरतं, मंग परत तितंच चुकायचं." मी हा नियम पहिलीच्या वर्गात चालवला. पोरांना पाटी पुसू देईना, तर पालक तक्रार घेऊन आले की बाई पोरांच्या चुका जपून ठेवतात.

तर डॉक्टर दोन गाड्या घेऊन आले तो दिवस. मुंबईचा एक म्हातारा ब्रह्मचारी परदेशी कायमचा चालला होता आणि त्याच्या दोन्ही विलायती उघड्या गाड्या त्यानं डॉक्टरांना आठवडाभर बघायला दिल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, घरात एकच येईल. डॉक्टर मोठे हुशार, अर्ध्या तालुक्याची नाडी हातात, पण दुकानात चप्पल घ्यायला गेले तर दोन डिझाइनांमध्ये संध्याकाळ करायचे. तुम्ही त्यांच्या दवाखान्याच्या जीपला मागची बाकं करून दिली होती, म्हणून त्यांचा तुमच्यावर विश्वास. मी शाळेतून खालापूरहून यष्टीनं उतरते तर अड्ड्यात ही गर्दी! सागाच्या भुशात दोन गाड्या शेजारी उभ्या, आणि डॉक्टर हात जोडून म्हणताहेत, "मिस्त्री, मला काही सुचत नाही. तुम्ही म्हणाल ती ठेवतो."

शिळफाट्यात दोन दिवसांत दोन तट पडले. ट्रकड्रायव्हर सगळे तांबडीचे. ती बुटकी, रुंद, अंगानं सगळी पत्र्याची, आणि तिचे दरवाजे इतके खाली कापलेले की बसल्या जागेवरून हात सोडला तर रस्त्याला लागेल. फाट्यावरच्या मेकॅनिकनं तिचं इंजिन बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आरं, हा तर ट्रॅक्टरचा भाऊ हाय!" आणि खरंच, पुढे डॉक्टरांनीही पुस्तकात वाचून सांगितलं की तिचं इंजिन एका ट्रॅक्टरच्याच घराण्यातलं. म्हणजे बिघडली तरी तालुक्यात इलाज होता. हिरवीच्या बाजूला चहावाला, पेंटर आणि मी. ती वयानं थोरली, ताकदीनं कमी, पण काय डौल! पुढची काच आडवी पाडता यायची. दरवाजे मागच्या बाजूनं बिजागरीला लावलेले, उलटे उघडायचे. पाठीवर जादा चाक बांधलेलं, सासरी निघाल्यासारखं. आणि वरच्या पत्र्याच्या आत तिचा सगळा सांगाडा लाकडाचा होता, हे तुम्ही गाडीला बोटानं टकटक करून पहिल्या मिनिटात ओळखलंत.

त्या क्षणी तुमचे डोळे मी पाहिले, आबा. तुम्ही आतलं कातडं एका कोपऱ्यात उचकटलंत, बोट आत घातलंत, वास घेतलात. हे झाड आपल्याकडचं नव्हे म्हणालात. सांधे तर तुम्ही पुन्हा पुन्हा बोटांनी चाचपलेत. कुणीतरी सात समुद्रांपलीकडच्या सुतारानं माझ्या खडूच्या पेटीसारखे कोपरे गाडीच्या पोटात, कुणाला दिसणार नाहीत अशा जागी बसवले होते. तुम्हाला ते काम हवं होतं. एवढं हवं होतं की रात्री जेवताना तुम्ही भाकरीच्या तुकड्यांनी ताटात तो सांधा जुळवून पाहत होता आणि आई म्हणाली, "जेवताव का गाडी बांधताव?" पण बोटाला लाकडाचा भुगाही लागला होता. कोकणच्या हवेनं आणि वाळवीनं ते आतून खाल्लं होतं. किती खाल्लं होतं, तेवढंच ठरायचं बाकी होतं.

मग तुम्ही ती परीक्षा काढलीत. माझ्याकडून शाळेचे चार खडू घेतलेत, आईच्या पाट्यावर वाटलेत (तिनं तुम्हाला काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही), पाण्यात कालवून त्यात सूत भिजवलंत आणि दोन्ही गाड्यांच्या कुशीवर, दरवाजाच्या फटीवरून आडवी एक एक पांढरी रेघ मारलीत. डॉक्टरांना म्हणालात, "घाटात गाडी पिळली जाती. लाकूड जितं असंल तर परत जाग्यावर येतं. मेलेलं येत नाय. दरवाजा बसला का रेघंला पायरी पडंल. शिंग्रोबाच्या देवळापातुर जावा आन परत या. रेघ सरळ ऱ्हायली तर हिरवी ठेवा, मी सांधे नीट करून देतो. मोडली तर तांबडी." डॉक्टर म्हणाले, तुम्हीच बसा की शेजारी. तर म्हणालात, "मी बसनार नाय. बसलो का आवडंल, आन आवडली का खोट दिसायची नाय. माजी बाय बसंल." असा माझा नंबर लागला. मी तेव्हा तेवीस वर्षांची, दोन वेण्या सोडून नुकताच अंबाडा घालायला लागलेली मास्तरीण, आणि उघड्या गाडीत जन्मात बसले नव्हते.

आधी तांबडी. काय सांगू! खोपोली मागे पडली आणि डॉक्टरांनी पाय दाबला तर ती अशी सुटली की माझा अंबाडा पहिल्याच वळणावर सुटला. सगळ्या पिना रस्त्यावर. दरी माझ्या कोपराशी, रस्ता माझ्या बोटांशी, इंजिन गुरगुरतंय आणि डॉक्टर, एरवी इंजेक्शन देताना हळू आवाजात बोलणारे आपले डॉक्टर, "हुर्रे" म्हणून ओरडताहेत. चढावर धापा टाकणारी एक यष्टी आम्ही मागे टाकली आणि खिडकीतली माणसं टाळ्या वाजवायला लागली. देवळापाशी गाडी ना तापली ना दमली. परत आलो, रेघ होती तशी. ड्रायव्हर मंडळींनी शिट्ट्या मारल्या. मी उतरले तरी तोंडावरचं हसू काही केल्या जाईना. तुम्ही विचारलंत, "कशी हाय?" मी म्हटलं, "ठीक आहे."

मग हिरवी. ती घाट चढली, पण पायऱ्या चढणाऱ्या आजीबाईंसारखी, प्रत्येक वळणावर कुरकुरत. आणि ती कुरकुर इंजिनाची नव्हती, माझ्या बाजूच्या दरवाजातल्या लाकडाची होती. देवळाशी पोचलो. सगळे गाडीवाले करतात तसे डॉक्टर नाणं वाहायला उतरले. आपण तिथे हात जोडत नाही, म्हणून मी गाडीतच राहिले. वाकून बाहेर पाहिलं. रेघ मोडली होती. दरवाजा बोटाच्या अर्ध्या पेराएवढा खाली बसला होता आणि रेघेला चांगली पायरी पडली होती. मला त्या पायरीत भाकरीच्या तुकड्यांचा सांधा दिसला आणि अड्ड्यातले पुढचे वीस वर्षांचे ट्रक दिसले. माझ्या पर्समध्ये खडू असतोच. डॉक्टरांची पाठ होती. मी पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं, दरवाजावरची रेघ पुसली आणि पिशवीतल्या हजेरीपुस्तकाची कड लावून नवी मारली, बाजूच्या रेघेला बरोबर जुळवून. मुलांना रोज खरं बोला म्हणून सांगणारी मी! उतरताना दरवाजा आणखी बसू नये म्हणून खोपोलीपर्यंत तो दोन्ही हातांनी आतून वर उचलून धरून बसले. डॉक्टर म्हणाले, "बाई, घाबरलात का?" मी म्हटलं, हो.

तुम्ही उकिडवे बसून ती रेघ पाहिलीत. किती वेळ पाहिलीत! मला आता कळतं, आंधळ्यालाही कळलं असतं. सुताची रेघ धुरकट, कडांना विरलेली, आणि माझी फळ्यावरच्यासारखी जाड, ठसठशीत, एका टोकाला किंचित वर गेलेली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. आणि मग, आबा, जन्मात कधी रेघ न पुसलेल्या माणसानं तळहातानं ती रेघ पुसून टाकली. उठलात आणि म्हणालात, "डॉक्टर, रेघंवर जाऊ नका. लाकूड गेलंय हिचं, सगळं. तांबडीच ठेवा." झालं.  तुम्ही स्वतःच्या तोंडातला घास काढून ठेवलात, आणि तो मी चोरून भरवला होता म्हणून काढलात की तो खोटा होता म्हणून, हे मला कळेना.

डॉक्टर तांबडीभोवती एक फेरी मारून आले. मग हिरवीपाशी उभे राहून त्यांनी विचारलं, "मिस्त्री, हिचं सगळं लाकूड नवं करता येईल?" तुम्ही म्हणालात, "कदी केलं नाय. येईल का नाय, ठावं नाय. पन कराया आवडंल." ते "आवडंल" तुम्ही असं म्हणालात की पेंटरनं ब्रश खाली ठेवला. डॉक्टर हसले. "मग ठरलं. हिरवी. अहो, तांबडी धडधाकट आहे, तिला काही होत नाही. धडधाकट माणसाचं मी डॉक्टर काय करू?" म्हणजे माझी सगळी लबाडी फुकट गेली. तिची काही गरजच नव्हती. आनंदानं मी रडले आणि सगळ्यांना वाटलं, घाट लागला.

मग ते पाच महिने. आधी तुमची ती फजिती! सवयीनं तुम्ही पहिला दरवाजा सागाचा केलात, ट्रकच्या फाळक्याच्या मापानं, दहा टन माल भरायचा असल्यासारखा. डॉक्टरांनी तो उघडला तर सगळी गाडी त्या बाजूला कलली. अड्डा हसून लोळला, आणि सगळ्यांत जास्त तुम्ही. मग जुन्या लाकडाचा एक धडका तुकडा घेऊन आपण दोघं ठाकुरवाडीला गेलो, तुमच्या त्या ठाकर मित्राकडे, जो तुम्हाला पावसाळ्यात करटोली आणून द्यायचा. त्यानं तुकडा गुडघ्यावर वाकवला, सोडला, कानाशी धरून टिचकी मारली. म्हणाला, "ही तं धामण हाय. आपली न्हाय, पर तिची भयीण." ज्या लाकडाची तो धनुष्यं करत आला होता, ज्याच्या कावडी आणि बैलगाडीच्या दांड्या व्हायच्या, तीच धामण. वाकते आणि परत येते. टायरच्या गाड्या आल्यापासून गावोगाव जुन्या गाड्या गोठ्यामागे पडून होत्या. तुम्ही त्यांच्या दांड्या गोळा केल्यात, वीस वीस वर्षं ऊनपाऊस खाऊन पक्क्या झालेल्या. विलायती गाडीच्या अंगात कर्जत-खालापूरच्या बैलगाड्या बसल्या. रोज संध्याकाळी मी शाळेतून थेट अड्ड्यात यायची आणि तुम्ही जीभ दातांत धरून बसलेले असायचात. त्या पाच महिन्यांत तुम्ही मला त्या रेघेबद्दल एक अक्षर विचारलं नाहीत. मी रोज वाट बघायची, आणि रोज जीव भांड्यात पडायचा.

आता कालचं ऐका. "गावठी" ऐकल्यावर मी त्या गृहस्थाला म्हटलं, "तुमच्या कोष्टकात एक परीक्षा राहिलीय. माझ्या वडिलांची." आणि घरात जाऊन खडू वाटायला बसले. मिक्सरमध्ये नाही, पाट्यावर! त्याची बायको तर नाचायलाच लागली. सूत भिजवलं, दोन्ही गाड्यांवर रेघा मारल्या. माझ्या हाताची रेघ वाकडी जाते, पण सूत खेचून सोडलं की ती सरळच पडते. दहिवलीहून निघालो, खोपोली, शिळफाटा, जिथे अड्डा होता तिथे आता टायरचं दुकान आहे, आणि मग घाट. मी हिरवीत, तो चालवतोय, मागून तांबडी. निघताना मी माझी पर्स त्याच्या बायकोकडे दिली. पर्समध्ये खडू होता. देवळाशी थांबलो तेव्हा मी आपण होऊन उतरले आणि गाडीपासून चार पावलं लांब जाऊन दरीकडे तोंड करून उभी राहिले. उतरताना हात मांडीवर. दरवाजाला बोट लावलं नाही. 

खाली आल्यावर तो उकिडवा बसला, तुमच्यासारखाच. रेघेवरून बोट फिरवलं, फटीच्या अलीकडे, फटीच्या पलीकडे. केसभर हलली नव्हती! बावीस वर्षं, आबा, डॉक्टरांनी तिला पुण्यामुंबईला नेली, मुलाच्या लग्नात मिरवली, आणि धामण अजून वाकतेय आणि परत येतेय. तो उठून उभा राहिला. मग कोष्टकाचा कागद काढला आणि विचारलं, "बाई, हे लाकूड कुठलं?" मी म्हटलं, धामण. त्यानं हिरवीच्या रकान्यात, समासात, लिहून घेतलं. मग आपण होऊन विचारलं, "आणि मिस्त्रींचं नाव?" मी सांगितलं. तेही त्यानं लिहिलं. तुमचं नाव छापील कागदावर, आबा!

मग त्याला राहवेना. आतलं काम बघायचं म्हणून त्यानं तिथेच, रस्त्याच्या कडेला, माझ्या बाजूच्या दरवाजाचं आतलं कातडं स्क्रू काढून सोडवलं. धामण मधासारखी पिवळी दिसत होती. आणि तिच्यावर, आतल्या बाजूनं, जिथे कुणी कधी बघणार नाही अशा जागी, एक पांढरी रेघ होती. सुताची नव्हे. जाड, ठसठशीत, एका टोकाला किंचित वर गेलेली, शाळेच्या खडूची. वरून वॉर्निशचा हात दिला होता, म्हणून टिकली होती. आणि तिच्या शेजारी तुमच्या चपट्या पेन्सिलीची फुली.

तो म्हणाला, "हे काय आहे? माप का?" मी म्हटलं, "हो, माप आहे."  तुम्हाला सगळं कळलं होतं. चारचौघांत तुम्ही ती रेघ पुसलीत, आणि तुमच्या नियमाप्रमाणे चूक हरवू नये म्हणून माझ्याच खडूनं, माझ्यासारखी वाकडी, परत मारून आत ठेवलीत. आठ वर्षं तुम्ही त्यानंतर जगलात. रोज सकाळी मला यष्टीवर सोडायला यायचात. एकदाही बोलला नाहीत. म्हणून हळूहळू मी समजून बसले की मी तुम्हाला फसवलं!

हे पत्र कुठे टाकणार, म्हणा. तो गृहस्थ दोन दिवसांनी परतताना पुन्हा इथे थांबणार आहे, तोवर आतलं कातडं बसवणार नाही, आणि एकदा मनात आलं की घडी करून दरवाजातच ठेवून द्यावं, रेघेशेजारी. पण तुम्ही ओरडला असतात. लाकडाला लागून कागद ठेवला की ओल धरते आणि कसर लागते. तेव्हा ते तुमच्या खडूच्या पेटीतच राहील.

एक गोष्ट मात्र राहिली. जाताना ती दोघं फाटकात भांडत होती. त्याला आता हिरवीच हवी, आणि बायको तांबडीच्या चाकावरून हात काढायला तयार नाही. तिनं मला विचारलं, "बाई, तेव्हा तुम्ही दोन्हींत बसला होतात म्हणालात. खरं सांगा, तुम्हाला कुठली आवडली?" मी ताडकन म्हटलं, "हिरवी." आबा, खोटं बोलले. पहिल्या दिवसापासून, त्या पहिल्या वळणावर अंबाडा सुटला तेव्हापासून, मला तांबडीच आवडत आलीय. फुली मारा.